विश्लेषण : ‘मी भारी आहे’ असे रोज म्हटल्याने आत्मविश्वास वाढतो का?

सकाळी उठायचे, आरशासमोर उभे राहायचे आणि ‘मी भारी आहे, मला सगळे जमते’ असे दहा वेळा म्हणायचे, हा सल्ला देणाऱ्या रील्सचा सध्या सुकाळ आहे. सीईटीचा निकाल, कॅम्पस प्लेसमेंट किंवा एमपीएससीची यादी जवळ आली की त्या आणखी जोरात फिरू लागतात. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच डळमळीत असतो, तेच हा उपाय मनापासून करून पाहतात. पण नेमका त्यांच्याच बाबतीत तो उलटू शकतो, असे एका प्रयोगात दिसले होते.

काय होता तो प्रयोग?

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वूड आणि सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सहभागींना चार मिनिटे मनात येईल ते लिहायचे होते. त्यातील काहींना मध्येमध्ये घंटी वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे मनाशी म्हणायचे होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळात चांगला होता, त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचा कमी होता, त्यांची मनःस्थिती मात्र हे वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांपेक्षा खालावलेली आढळली. स्वतःबद्दलच्या समजुतीशी न जुळणारे वाक्य म्हटले की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे काढू लागते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. नंतर झालेल्या एका पुनरावृत्तीत हा तोटा दिसला नाही. त्यामुळे अशी वाक्ये घातकच असतात, असे म्हणता येणार नाही. पण ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याच्यासाठी ती खात्रीचा उपायही नाहीत.

आत्मसन्मान आणि आत्मविश्वास एकच का?

नाही. ‘माणूस म्हणून मला किंमत आहे’ ही भावना म्हणजे आत्मसन्मान. तो मोजण्यासाठी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये तयार केलेली १० विधानांची प्रश्नावली आजही वापरली जाते. ‘हे विशिष्ट काम मला जमेल’ ही खात्री म्हणजे आत्मविश्वास. पुण्याच्या गर्दीत बिनधास्त दुचाकी चालवणारा मुलगा मुलाखतीत गप्प होतो. वर्गात पहिली येणारी मुलगी मनातून स्वतःला बिनकामाची समजू शकते.

आत्मसन्मान वाढवला की यश मिळते का?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याला एके काळी तसे वाटले. आमदार जॉन वास्कोन्सेलोस यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये आत्मसन्मानासाठी तेथे चक्क सरकारी कृती गट नेमला गेला. २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. आत्मसन्मान आणि आनंद यांचा संबंध ठळक दिसला. पण नुसता आत्मसन्मान वाढवून शाळेतील गुण वाढत असल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट, चांगली कामगिरी झाल्यामुळेच काही अंशी आत्मसन्मान वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग स्वतःची किंमत गुणांवरून ठरवावी का?

इथेच खरी गोम आहे. जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी पुढील शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान, प्रवेशाचे होकार-नकार येतील त्या दिवशी मोजला. ज्यांनी स्वतःचे मोल अभ्यासातील यशाला बांधले होते, ते होकाराच्या दिवशी जास्त उंच गेले आणि नकाराच्या दिवशी जास्त खोल कोसळले. आपल्याकडे तर ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण, असे घरातले अर्धे लोक समजतात. प्रत्यक्षात तो रांगेतला क्रमांक आहे. रांगेतली माणसे बदलली की तोही बदलतो.

आत्मविश्वास येतो कुठून?

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडल्यानुसार, सर्वांत भक्कम स्रोत म्हणजे ते काम स्वतः करून पाहिल्याचा अनुभव. इतरांनी दिलेला धीर त्यामानाने कच्चा ठरतो. म्हणजे विश्वास आला की बोलेन, असे म्हणणाऱ्याची गाडी उलट्या दिशेने निघालेली असते.

विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. १९ व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन १३० जणींशी बोलण्याचा प्रयत्न केला. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी ते बोलले. पुन्हा भेटायचे एकीनेच कबूल केले. ती आली नाही. भीती मात्र गेली, असे ते सांगत. (आज बागेत हा प्रयोग कोणी करू नये, तत्त्व तेवढे घ्यावे.) पुढे एलिस यांनी स्वतःला एकूण गुण देण्याची सवयच नाकारली. ‘मुलाखत वाईट झाली’ हे मोजता येते, सुधारता येते. ‘मी टाकाऊ आहे’ या वाक्याचे काय करणार?

समजा, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला वर्गात इंग्रजीत शंका विचारायची भीती वाटते. तिने या आठवड्यात फक्त एक प्रश्न कागदावर लिहून न्यावा आणि वाचून विचारावा. पुढच्या आठवड्यात कागद न बघता. चुकले तर ते वाक्य चुकले. घरच्यांनीही ‘हुशार आहेस गं’ म्हणण्याऐवजी ‘काय विचारलंस?’ असे विचारले, तर ती पुढचा प्रश्न नेण्याची शक्यता अधिक.

हे पुरेसे नसेल तर?

स्वतःबद्दलची नकोशी भावना आठवडेच्या आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नको वाटू लागले, तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न उरत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत असून चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते.