पायलीवरची शीग

मळणी-उफणणी उरकून खळ्यावर रास पडली की मापारी पायली घेऊन बसे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन, चार. भात, ज्वारी, नाचणी यांचा हिशेब असा आकारमानानं होई. तराजू लागे तो गुळाला आणि सोन्याला.

या मापांचं कोष्टक मुलं शाळेत पाठ करत. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. दोन शेरांची अडशेरी, चार शेरांची पायली. इथवर सगळं दुपटीनं चालतं आणि त्यात मोठं शहाणपण आहे, कारण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही निम्मं करता येतं. पुढे मात्र गावागणिक रीत बदले. मण कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६ पायल्यांचा. २० मणांची खंडी. गोव्यात खंडी २० कुडवांची.

पण कोष्टकात न लिहिलेली एक गोष्ट या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी होती, ती म्हणजे शीग. माप काठाशी सारखं केलं की ते सपाट. काठावर धान्याचा सुळका चढेपर्यंत ओतलं की शिगेचं. सुळक्याचा उतार धान्याच्या जातीवर ठरतो, भरणाऱ्याच्या मर्जीवर नाही. त्यामुळे शीग किती मावेल हे मापाच्या तोंडावर अवलंबून राहतं, आणि तोंडाचा व्यास दुप्पट झाला तर शीग आठपट होते. एक उभट आणि एक पसरट अशा दोन पायल्या सपाट भरून तंतोतंत जुळल्या, तरी शिगेनं भरल्यावर पसरट पायली कितीतरी जास्त धान्य ओढून घेते. त्यात हाताची करामत वेगळीच. अलगद सोडलेलं धान्य पोकळ बसतं. पायलीला दोन हिसके दिले की ते दडपतं आणि वर आणखी मूठभर मावतं.

म्हणून पायली कोण भरतो याला फार किंमत होती. सुतार, लोहार, महार यांचं वर्षाचं बलुतं याच राशीतून पदरात पडे. देणाऱ्याचा हात सैल असला तर शीग मिळे, नाहीतर सपाटावर भागवावं लागे. सावकाराकडून दिढीनं मणभर बियाणं आणलं तर सुगीला दीड मण घालायचं. नेताना सपाट आणि फेडताना शिगेचं माप लागलं, तर त्या दिढीवरही दिढी चढली. कोकणात खोताचा वाटा कुळाच्या भातातूनच निघे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. जमिनीच्या हक्काची ती लढाई होती, पण ज्याची जमीन त्याचीच पायली, हेही त्या कुळांना ठाऊक होतं.

वजनमापं एकसारखी करण्यासाठी मुंबई इलाख्यानं १९३२ मध्ये कायदा केला. पुढे १९५६ चा केंद्राचा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात उतरला. ४० शेरांचा वजनी मण ३७.३२ किलोंचा ठरवता आला. पायलीला मात्र असा एकच आकडा लावणं अशक्य होतं. टरफलासकट भाताची पायली हलकी, गव्हाची जड. शिवाय एकाच धान्याची पायली ओलीसुकी वेगळी भरते. जुन्या मापांविषयी हळवं बोलणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की काट्यावर शीग चढत नाही. घेणाऱ्या गरिबाच्या बाजूनं हा बदल फार मोठा होता.

तरी माप संपलं नाही. नवी नवरी उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडूनच घरात येते. स्वयंपाकघरात तर मापच जास्त खरं ठरतं, कारण भाताला पाणी तांदळाच्या आकारमानावर बेतायचं असतं. आठवडी बाजारात चुरमुरे, करवंदं, जांभळं अजून मापानं विकायला असतात, आणि गिऱ्हाईक शीग मागून घेतं.