मनगटावरील दोन घड्याळें

घड्याळ म्हणजे वेळ दाखविणारें यंत्र, ही व्याख्या आतां अपुरी पडूं लागली आहे. एके काळीं ज्या घरांत एच्.एम्.टी.चें 'जनता' घड्याळ आलें, त्या घरांत रोज सकाळीं त्याला किल्ली देणें हा कर्त्या पुरुषाचा नित्यनेम असे. त्या घड्याळाकडून अपेक्षा एकच, कीं त्यानें वेळ बिनचूक दाखवावी. आजचें मनगटी घड्याळ वेळ तर दाखवितेंच; शिवाय तें नाडी मोजतें, पावलें गणतें, झोपेचा हिशेब ठेवतें, टेलिफोनवर आलेला निरोप वाचून दाखवितें आणि धांवणाराला त्यानें किती अंतर तोडलें तेंहि सांगतें. एवढीं कामें एकाच्या अंगावर पडलीं म्हणजे त्यांतलें कोणतें तें नीट करतें व कोणतें कसेंबसें उरकतें, हा प्रश्न उत्पन्न होणें स्वाभाविक आहे.

रत्नागिरींतील एखाद्या घराची कल्पना करावी. मुलगी पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर धांवण्याचा सराव करीत आहे व पुढील वर्षीं अर्ध-मॅरेथॉनमध्यें उतरण्याचा तिचा मानस आहे. वडील साठीच्या पुढचे. त्यांना रक्तदाबाचा विकार असून ते रोज गोळी घेतात. दोघांसाठीं मिळून एक चांगलें घड्याळ घ्यावें, असें घरांत ठरतें. दुकानांत गेल्यावर दुकानदार दोन जातींचीं घड्याळें पुढें ठेवतो : एक क्रीडा-घड्याळ, दुसरें ज्याला सर्वत्र 'स्मार्टवॉच' म्हणतात तें सर्वकामी घड्याळ. दोन्हीं दिसावयास जवळजवळ सारखीं. मग फरक कोठें आहे ?

फरक त्यांच्या कुळांत आहे. क्रीडा-घड्याळाचा जन्म मैदानावर झाला. फिनलंडमधील पोलर या कंपनीनें १९८२ सालीं छातीला पट्टा बांधून, तारेवांचून नाडीचे ठोके मनगटावर दाखविणारें साधन बाजारांत आणलें. तें खेळाडूंसाठींच होतें. पुढें २००३ मध्यें गार्मिन कंपनीनें उपग्रहांच्या साहाय्यानें अंतर मोजणारें 'फोररनर' हें धांवणाराचें घड्याळ काढलें. सर्वकामी घड्याळाचा जन्म मात्र टेलिफोनच्या पोटीं झाला. २०१५ सालीं अ‍ॅपलचें घड्याळ विक्रीस आलें, तेव्हां त्याचें मुख्य काम खिशांतील टेलिफोन वारंवार बाहेर काढावा लागूं नये हें होतें. खेळ आणि आरोग्य हे विषय त्यांत पुढें उत्तरोत्तर वाढत गेले. कोंकणी स्वयंपाकघरांतील उदाहरण द्यावयाचें तर सर्वकामी घड्याळ हें विळीसारखें आहे. तिच्यावर भाजी चिरतां येते, मासळी कापतां येते आणि टोंकाच्या खवणीवर नारळहि खवतां येतो. क्रीडा-घड्याळ हा अडकित्ता. त्यानें भाजी चिरतां येत नाहीं. पण सुपारी कातरावी ती त्यानेंच.

या फरकाचा पहिला परिणाम बॅटरीवर दिसतो. अ‍ॅपलनें २०२३ मध्यें काढलेल्या नवव्या मालिकेच्या घड्याळाची बॅटरी नेहमींच्या वापरांत १८ तास पुरते, असें कंपनीच सांगते. म्हणजे तें रोज भारित करणें आलें. उलट गार्मिनचें २०२१ मधील 'फोररनर ५५' हें साधें क्रीडा-घड्याळ नेहमींच्या वापरांत दोन आठवड्यांपर्यंत आणि उपग्रहांशीं अखंड संपर्क ठेवून २० तासांपर्यंत चालतें, असें तिची कंपनी सांगते. शहरांत वीज असतांना हा भेद किरकोळ वाटेल. परंतु ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलें, त्यानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांतील अनेक गांवें कित्येक दिवस विजेवांचून होतीं, हें जिल्ह्यांतील लोक विसरलेले नाहींत. अशा वेळीं रोज भारित करावें लागणारें घड्याळ दुसऱ्याच दिवशीं निव्वळ कांकण होऊन बसतें.

दुसरा परिणाम पडद्यावर दिसतो. सर्वकामी घड्याळाचा पडदा बोटाच्या स्पर्शानें चालतो व स्वतःच्या प्रकाशानें झळकतो. घरांत आणि कचेरींत तो सुंदर दिसतो. पण रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि धांवणारा आषाढांत घरीं बसून राहत नाहीं. पडद्यावर पाण्याचे थेंब पडले कीं तो त्यांनाच बोट समजूं लागतो. ओल्या, घामट बोटाचा स्पर्श त्याला नीट कळत नाहीं. म्हणून क्रीडा-घड्याळाला कडेनें बटनें असतात. धांव सुरू करणें, फेरी नोंदणें, थांबणें हीं कामें डोळे न वळवितां, बोटाच्या अंदाजानें करतां येतात. शिवाय यांतील कांहीं घड्याळांचा पडदा उन्हाचाच प्रकाश परावर्तित करून वाचतां येतो. ऊन जितकें प्रखर तितकीं अक्षरें स्पष्ट, आणि बॅटरीचा खर्चहि अल्प. मात्र अलीकडे क्रीडा-घड्याळांतहि झळकणारे पडदे आले आहेत, हें घेणाऱ्यानें पाहून घ्यावें.

तिसरी गोष्ट अंतराची. घड्याळ अंतर मोजतें तें उपग्रहांच्या आधारें. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह आपली वेळ सांगणारे संदेश सतत पाठवीत असतात. संदेश पोंचण्यास किती वेळ लागला यावरून घड्याळ आपलें स्थान काढतें, व त्यासाठीं निदान चार उपग्रह दृष्टिपथांत असावे लागतात. सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतकी चूक झाली तरी स्थानांत ३०० मीटरांचा फरक पडतो, इतकें हें काम नाजूक आहे. रत्नागिरीच्या उघड्या सड्यावर किंवा वाळूवर आभाळ मोकळें असतें, तेथें मोजणी चांगली होते. नारळी-पोफळीच्या दाट वाडींतील पाखाडीवर, आंब्याच्या घाटांत, किंवा साताऱ्यास २०१२ पासून भरणाऱ्या डोंगरी अर्ध-मॅरेथॉनच्या यवतेश्वर घाटांत मात्र संदेश कड्यांवर आपटून उशिरानें येतात आणि घड्याळ धांवणाराला रस्त्याच्या बाहेर नेऊन ठेवतें. चांगलीं क्रीडा-घड्याळें एकाच वेळीं अनेक देशांचे उपग्रह व दोन निरनिराळ्या लहरी वापरून ही चूक कमी करतात. याच्या उलट, पुष्कळ स्वस्त सर्वकामी घड्याळांत उपग्रहांचे संदेश घेण्याची सोयच नसते; तीं खिशांतील टेलिफोनकडून उसनें अंतर घेतात, किंवा पावलांवरून अजमास बांधतात. घेण्यापूर्वीं हा एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा.

येथें नवशिक्या धांवणाराचा एक गैरसमजहि दूर केला पाहिजे. शर्यत संपल्यावर घड्याळ २१.१ ऐवजीं २१.४ किलोमीटर दाखवितें, आणि तो आयोजकांना दोष देतो. वास्तविक शर्यतीचा मार्ग प्रमाणित सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून, शक्य तितक्या जवळच्या वाटेनें मोजतात, व तो आंखूड भरूं नये म्हणून हजारांत एक भाग मुद्दाम वाढवितात. ४२.१९५ किलोमीटरांच्या पूर्ण मॅरेथॉनमध्यें ही वाढ सुमारें ४२ मीटर होते. धांवणारा गर्दींतून नागमोडी जातो, वळणावर बाहेरून जातो, त्यामुळें त्याचें अंतर आणखी वाढतें. रस्त्याचें माप खरें मानावें. घड्याळाचें माप हा अंदाज.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हृदयाची. दोन्हीं घड्याळें तळाशीं हिरवा प्रकाश पाडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. प्रत्येक ठोक्यास त्वचेखालील रक्त वाढतें, परत येणारा प्रकाश घटतो, आणि या चढउतारावरून ठोके मोजले जातात. माणूस स्वस्थ बसला असतां ही रीति चांगली चालते. पण हात जोरानें हलूं लागला, पट्टा सैल असला, किंवा थंडीनें हाताकडील रक्तप्रवाह कमी झाला, तर आंकडे भरकटतात. म्हणून चढणीवरच्या जोरकस धांवेंत नेमका आंकडा हवा असेल, तर छातीचा पट्टाच वापरावा. तो हृदयाची विद्युत्-स्पंदनें टिपतो, आणि क्रीडा-घड्याळें त्याच्याशीं सहज जोडतां येतात. घड्याळांत 'कमाल नाडी' पुष्कळदां २२० मधून वय वजा करून धरलेली असते. तो केवळ सरासरीचा ठोकताळा आहे. व्यक्तिपरत्वें त्यांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबावरच्या कांहीं गोळ्या तर नाडीच मंद करतात. अशी गोळी घेणारे वडील लेकीच्या घड्याळावरील आंकडा गांठण्यासाठीं जोर करूं लागले, तर तें घड्याळ त्यांचें हित करीत नसून अनहित करीत आहे, असेंच म्हणावें लागेल.

सर्वकामी घड्याळांचें मोठें आकर्षण म्हणजे हृदयाच्या तालाची तपासणी. २०१८ पासून अ‍ॅपलच्या घड्याळांत हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याची सोय आली. २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणींत ४,१९,२९७ लोकांनीं अ‍ॅपलचें घड्याळ वापरलें. त्यांपैकीं २,१६१ जणांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. पुढें छातीवर पट्टी चिकटवून ज्या ४५० जणांची नोंद तपासली गेली, त्यांतील ३४ टक्क्यांमध्यें हृदयाच्या वरच्या कप्प्यांची ती अनियमितता आढळली. तिच्यापासून पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून ही सूचना उपयुक्त आहे यांत संशय नाहीं. पण हृदयविकाराचा झटका हें घड्याळ ओळखूं शकत नाहीं, आणि ही गोष्ट निर्मातेच स्पष्ट सांगतात. छातींत दडपण आलें, डाव्या हातांत कळ गेली, घाम सुटला, आणि घड्याळानें 'ताल नियमित' असें दाखविलें, म्हणून घरींच पडून राहणें हा जिवाशीं खेळ होय. अशा वेळीं घड्याळाकडे पाहूं नये, दवाखाना गांठावा.

याच जातीची सावधगिरी रक्तदाब व साखर यांविषयीं बाळगावी. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजणाऱ्या उपकरणाची जागा केवळ प्रकाशावर चालणारें स्वस्त घड्याळ घेऊं शकत नाहीं. सुई न टोंचतां रक्तांतील साखर सांगण्याचा दावा करणारीं घड्याळें व अंगठ्या वापरूं नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें दिला. चुकीच्या आंकड्यावर विसंबून मधुमेह्यानें इन्शुलिन अधिक घेतलें, तर परिणाम प्राणघातक होऊं शकतो.

मग सर्वकामी घड्याळ वृद्धांच्या उपयोगाचें नाहींच काय ? तसें नव्हे. त्याची खरी योग्यता निराळ्या ठिकाणीं आहे. कांहीं घड्याळें माणूस जोरानें पडला तर तें ओळखतात, आणि तो हालचाल करीना झाला कीं आप्तांना वा मदतकेंद्राला हांक देतात. मुलें मुंबई-पुण्यास नि आईवडील गांवच्या घरीं, ही स्थिति कोंकणांत घरोघर आहे. ओल्या अंगणांत शेवाळावर पाय घसरला, तर ही सोय मोलाची ठरेल. मात्र त्यासाठीं जवळ टेलिफोन किंवा घड्याळाची स्वतःची जोडणी, आणि गांवांत दूरध्वनीच्या लहरी असल्या पाहिजेत. लहरीच पोंचत नसतील, तर ही हांक मनगटाबाहेर जाणार नाहीं.

समुद्राकांठच्या माणसानें आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. घड्याळावर '५० मीटर' असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ तें घेऊन पन्नास मीटर खोल बुडी मारावी असा नव्हे. तितक्या खोलीवरील स्थिर पाण्याचा दाब त्यानें कसोटींत सोसला, एवढाच. किनाऱ्याजवळ पोहण्यास तें पुरेसें आहे. पण खाऱ्या पाण्यांतून आल्यावर गोड्या पाण्यानें धुऊन पुसावें, नाहीं तर मिठानें बटनें व भारित करण्याच्या जागा खराब होतात.

पुष्कळ घड्याळें रोज दहा हजार पावलांचें लक्ष्य पुढें ठेवतात. हा आंकडा वैद्यकशास्त्राच्या एखाद्या नियमांतून निघालेला नाहीं. १९६५ च्या सुमारास जपानमध्यें निघालेल्या 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाच्या नांवाच्या यंत्रामुळें तो रूढ झाला. सहा हजार पावलें चाललेल्या साठीच्या गृहस्थानें आपला दिवस वायां गेला असें मानण्याचें कारण नाहीं.

आतां त्या घराकडे परत वळूं. दोघांसाठीं एक घड्याळ घेण्याचा विचारच मुळीं चुकीचा होता. कारण दोघांच्या गरजा एक नाहींत. मुलीला बटनांचें, दीर्घकाळ चालणारें, स्वतः उपग्रहांशीं बोलणारें साधें क्रीडा-घड्याळ पुरे. महागड्या नमुन्यांतील नकाशे व गाणीं तिच्या पायांची गति वाढविणार नाहींत. वडिलांसाठीं प्रथम दंडाच्या पट्ट्याचें रक्तदाब-उपकरण घ्यावें आणि व्यायाम किती करावा तें आपल्या डॉक्टरांना विचारावें. त्यानंतर पैसे उरले, आणि ते दिवसाचा बराच वेळ एकटे राहत असले, तर पडण्याची सूचना देणारें सर्वकामी घड्याळ घेणें शहाणपणाचें ठरेल. मात्र तें रोज रात्रीं भारित करण्याची संवय त्यांना लागली पाहिजे. दुकानांत शिरण्यापूर्वीं 'यांतील उत्तम कोणतें ?' असें न विचारतां, 'हें कोणाच्या मनगटावर व कशासाठीं ?' असें घरींच विचारून घ्यावें. किल्लीचें घड्याळ चालविण्यासाठीं रोज माणसाचा हात लागे. आजच्या घड्याळाला किल्ली लागत नाहीं, पण त्यानें दिलेल्या आंकड्याचा अर्थ लावण्यास माणसाची बुद्धि आजहि लागतेच.