वऱ्हाडी जीभ आणि थाई मेनूकार्ड

यवतमाळ, पुसद, वणीकडची पोरं शिकून पुण्या-मुंबईत नोकरीला लागतात. आई-बाबा भेटीला आले की एखाद्या संध्याकाळी त्यांना थाई जेवायला नेतात. बाबा मेनूकार्ड न उघडताच सांगून टाकतात, "आपल्याला तिखटाचं काय सांगता? ठेच्यावर वाढलो आपण!" हा दावा निम्माच खरा आहे.

तिखट ही मुळात चवच नव्हे, ती भाजल्याची जाणीव. मिरचीतलं कॅप्सायसिन चेतातंतूंच्या टोकावरच्या 'टीआरपीव्ही१' नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. हे प्रथिन एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसला जागं होतं, म्हणजे यवतमाळच्या मे महिन्यात पारा जो आकडा सर्रास ओलांडतो त्या तापमानाला. कॅप्सायसिन मात्र त्याला थंड जेवणातही जागं करतं. मेंदूला वाटतं तोंड पोळलं, आणि घाम फुटतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं, २०२१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. रोज तिखट खाणाऱ्याचे हे तंतू हळूहळू बोथट होतात. बाबांची जीभ खरोखरच मुरलेली आहे ती अशी. पण हीच प्रथिनं जठरात आणि आतड्यांतही असतात, आणि जिभेला जमलं ते पोटाला जमेलच असं नाही. अ‍ॅसिडिटी किंवा मूळव्याधीचा त्रास असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय मिरची-मिरचीत फरक असतो. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आलं, १५११ मध्ये त्यांचा दूत थाई राजधानी अयुथ्येत पोहोचला. अमेरिका खंडातली मिरची त्याच शतकात दोन्हीकडे रुजली. आपल्या विदर्भाच्या वाट्याला भिवापुरी आली, थाई स्वयंपाकात बोटाच्या पेराएवढी 'बर्ड्स आय' मुख्य झाली. तिचा तिखटपणा ५०,००० ते १,००,००० स्कोव्हिल एकक, पिझ्झावरच्या हालापिनोच्या किमान सहापट.

तिखट कमी हवं असेल तर ते पदार्थात कुठं बसलंय ते बघावं. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून रश्श्याचा खरा जाळ तर्रीत असतो. टॉम यमसारख्या पातळ सूपमध्ये ठेचलेल्या मिरच्या तरंगत असतात. त्या आल्या आल्या चमच्यानं बाहेर काढल्या तर बराच जाळ वाचतो. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची शेंगदाणे घातलेली कोशिंबीर, मागणी आल्यावर खलबत्त्यात कुटतात. त्यामुळे 'मिरची नको' म्हटलेलं तिथं चालतं. करीचं मात्र वाटण आधीच तयार असतं. ग्रीन करी मागवायची आणि 'कमी तिखट करा' म्हणायचं, याला अर्थ नाही. त्यापेक्षा मसमन करी घ्या. बटाटा, शेंगदाणे, वेलदोडा, दालचिनी. आपला गरम मसालाच नारळाच्या दुधात शिजलेला.

पण इथंच गोम आहे. सौम्य म्हणजे हलकं नव्हे. मसमन सौम्य लागते त्यामागे नारळाच्या दुधाचा आणि गोडाचा मोठा हात आहे. घट्ट नारळाच्या दुधात १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम स्निग्धांश असतो, तोही बहुतेक संपृक्त. पॅड थाई तिखट नसतं, पण तांदळाच्या शेवयांवर साखर पडलेली असते, मधुमेह्यानं विचार करावा. मिठाचं तर कुणी विचारतच नाही. एक मोठा चमचा फिश सॉसमध्ये सुमारे १,४०० मिलिग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मिरचीपेक्षा या बाटलीला भ्यावं. शाकाहाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: भाज्यांच्या करीच्या वाटणातही अनेकदा आंबवून वाटलेली कोळंबी असते.

तोंड पोळलंच तर पाण्याचा उपयोग नाही, बिअरचा तर नाहीच. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून नेतं असं मानतात. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात साय काढलेलं दूधही सायीच्या दुधाइतकंच कामी आलं. नारळाच्या दुधात केसिन नसतं. थाई हॉटेलात ताक मिळायचं नाही; साधा भात आणि मिळालंच तर ग्लासभर दूध मागावं.

माझं मत विचाराल तर चौघांत एकच मसमन मागवा, सोबत बिनमिरचीची सोम तम, वाफवलेला मासा किंवा परतलेल्या भाज्या-टोफू आणि पांढरा भात. सॉस वेगळा आणायला सांगा, आणि बाबांना ग्रीन करी हवीच असेल तर आधी त्यांच्या पोटाला विचारा.