कावीळ आणि देशाची तिजोरी

कावीळ म्हटली की आपल्याला उसाचा रस आणि पथ्य आठवते. पण हिपॅटायटिस-सी हे दुखणे वीस-पंचवीस वर्षे यकृतात गुपचूप बसते आणि डोके वर काढते ते बहुधा ऐन कमावत्या वयात. त्यामुळे त्याचा मोठा खर्च इस्पितळाच्या बिलात नव्हे, बुडालेल्या पगारात असतो.

इजिप्तचे पाहा. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथे बिल्हार्झिया या कृमिरोगावर सरकारने गावोगावी इंजेक्शने दिली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरल्या गेल्या. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या दर शंभरांत सुमारे १५ जणांच्या रक्तात या विषाणूची खूण सापडली.

२०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आले. गोळी १,००० डॉलरची, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर! इजिप्तने २०१४ मध्ये घासाघीस करून तेच ९०० डॉलरांत मिळवले. पुढे देशी कारखान्यांमुळे खर्च शंभराच्या आत आला. मगच २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची मोफत तपासणी परवडली. चूक जितकी उशिरा सापडेल तितकी महाग, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळे सांगायला नको.

सी प्रकारावर लस नाही, बी वर आहे. प्रत्येक प्रौढाने एकदा तरी सी ची (२०२० पासून) आणि बी ची (२०२३ पासून) चाचणी करावी, अशी अमेरिकेच्या सीडीसीची शिफारस आहे. इकडे येणाऱ्या आई-बाबांची चाचणी मात्र मी भारतातच उरकायला सांगेन; प्रवासी विम्यात ती सहसा बसत नाही.