न्यायदेवता : तराजू, तलवार आणि पट्टी

मूळ : रोमन ‘जस्टिशिया’. तराजू म्हणजे पुराव्याची तोलणी, तलवार म्हणजे निकाल अमलात आणण्याचा अधिकार.

डोळ्यांवरची पट्टी : प्राचीन नव्हे. 1494 मध्ये बाझलला छापलेल्या ‘शिप ऑफ फूल्स’ या पुस्तकातल्या एका चित्रात विदूषक न्यायदेवतेचे डोळे बांधतो. ती थट्टा होती. पुढच्या शतकात त्याच पट्टीचा अर्थ निःपक्षपात झाला. बर्नच्या कारंज्यावरची 1543 ची मूर्ती पट्टी बांधलेली आहे. रोममध्ये राफाएलने 1508 नंतर रंगवलेली न्यायदेवता मात्र उघड्या डोळ्यांची.

मुंबईत : उच्च न्यायालयाची इमारत 1871 ते 1878 दरम्यान बांधली गेली. वास्तुरचनाकार कर्नल जे. ए. फुलर. माथ्यावर दोन मूर्ती : न्याय आणि दया. आतल्या एका खांबावर मात्र एका डोळ्याला पट्टी बांधलेले माकड तराजू धरून बसले आहे. वकिलाच्या वेशातला कोल्हाही कोरलेला आहे. (हा कंत्राटदाराने उगवलेला सूड, असे सांगतात. ती आख्यायिकाच.)

दिल्लीत : सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातील नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही, तलवारीच्या जागी संविधान आहे. ही मूर्ती 2024 मध्ये चर्चेत आली.

बारामती-इंदापूर : येथील न्यायालये पुणे जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत. पुढचे अपील मुंबई उच्च न्यायालयात, न्याय आणि दयेच्या त्याच दोन मूर्तींखाली. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे शेजारचे सोलापूर आणि सातारा जिल्हे गेले, पुणे नाही.