दर्यावर निघालेल्याचे नाव घरात राहू द्या

चैत्री पौर्णिमा आली की विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. मुंबई-अहमदाबाद रस्त्यालगतचे हे गाव पंधरवडाभर माणसांनी फुलून जाते. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड आणि पलीकडच्या गुजरातेतूनही वारली, कोकणा, दुबळा, धोडिया अशी सगळी मंडळी येतात. कुणी नवस फेडतो, कुणी मिरची-मसाला आणि मडकी घेतो, कुणी सोयरिकीचे बोलून जातो. गडाच्या पायथ्याशी उभे राहिले तर समुद्र दिसत नाही. तरीही या जत्रेला आलेल्या किती घरांतला कर्ता मुलगा त्या वेळी समुद्रावर असतो, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. घरच्यांना मात्र तो आहे. म्हणूनच आजचा हा मजकूर त्यांच्यासाठी आणि उद्या ज्यांच्या घरातून कुणी बोटीवर निघेल त्यांच्यासाठी आहे.

डोंगराकडची माणसे दर्यावर का जातात? उत्तर तुमच्या शेतातच आहे. भात, नागली, वरई ही सारी पावसावरची पिके. लावणी आटोपली की हाताला काम कमी, आणि भात झोडून झाले की बहुतेकांचे कामच संपते. मग कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातो, कुणी रेतीच्या कामावर, तर कुणी पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ, ओखा या गुजरातच्या बंदरांतल्या बोटींवर खलाशी म्हणून लागतो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून अशी माणसे वर्षानुवर्षे जात आली आहेत. मुकादम पाड्यावर येतो, हातावर उचल ठेवतो, आणि त्या पैशात घराचे छप्पर होते, लग्न निघते, दुखणे निभावते.

उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पण उचलीने माणूस बांधला जातो, हे या मुलखाला कुणी शिकवायला नको. लग्नासाठी चार पैसे घेतले म्हणून सावकाराच्या दारात वर्षानुवर्षे राबणारे लग्नगडी इथेच होते. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर उभे राहून वारल्यांनी ती वेठ मोडली. पुढे १९७६ साली वेठबिगार बंद करणारा कायदाही देशभर झाला. तेव्हा बोटीवर जाणाऱ्याने किती उचल घेतली, महिन्याचा पगार किती ठरला, त्यातून किती कापले जाणार, हे वहीत लिहिलेले असावे. ज्याचा हिशेब तोंडी, त्याला वादळाची सूचना आली तरी 'मी या खेपेला येत नाही' असे म्हणणे जड जाते.

समुद्र कसा असतो

आपला माणूस नदी जाणतो, ओहोळ जाणतो. दर्या निराळा. मासेमारीची बोट एकदा बंदरातून सुटली की पुष्कळदा दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त दिवस किनारा दिसत नाही. बोटीवर तांडेल आणि त्याच्या हाताखाली सहा-सात माणसे. जाळे टाकायचे, ओढायचे, मासळी निवडायची, बर्फात भरायची, आणि झोप मिळेल तेव्हा घ्यायची. रात्री जाळे ओढताना पाय घसरला, दोरात अडकला, तर अंधारात पडलेला माणूस पुन्हा दिसणे कठीण. पट्टीचा पोहणारासुद्धा मोठ्या लाटांत फार वेळ टिकत नाही. मग ज्याने फक्त गावच्या डोहात हात मारले, त्याने अंगावर जीवरक्षक जॅकेट नसताना रात्रीच्या कामाला उभे राहणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. गुजरातेत काही वर्षी ही बंदी ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबते. पण धोका फक्त पावसाळ्यात नसतो. अरबी समुद्रातली चक्रीवादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जास्त येतात. नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी ओखी वादळ उठले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छिमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही, आणि शेकडो माणसे परतली नाहीत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर सूचना अगोदर मिळालेली होती. तरीही मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात 'पी-३०५' नावाचा तराफा माणसांसह थांबला आणि १७ मे रोजी बुडाला. त्यावर २६१ जण होते. सत्तरहून अधिक गेले. त्यांतले पुष्कळसे पोटासाठी दूरदूरच्या गावांहून आलेले कामगार होते. किनाऱ्याकडे परतायचे की नाही हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते.

पाण्यावर रेघ दिसत नाही

लाटांइतकाच दुसराही एक धोका गुजरातच्या बोटींवर असतो. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची खाडी आहे. तिथली हद्द भारत आणि पाकिस्तान यांच्यात ठरलेली नाही, म्हणून पुढे समुद्रातली हद्दही ठरलेली नाही. शेताला बांध असतो, दगड असतो. पाण्यावर काहीच नसते. मासळीच्या मागे, प्रवाहाने किंवा यंत्र बिघडल्याने बोट पुढे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था तिला पकडते. तशीच त्यांच्याकडची बोट इकडे आली की आपल्याकडे पकडली जाते. बोट कुठे न्यायची हे शेठ आणि तांडेल ठरवतात. तुरुंगात मात्र खलाशीही जातो.

कधी गोळीही चालते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याहून गेलेल्या 'जलपरी' या बोटीवर गोळीबार झाला आणि त्यात आपल्याच पालघर जिल्ह्यातला एक खलाशी मारला गेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका आदिवासी खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा देह गावी यायला महिन्याहून अधिक काळ लागला. इतके दिवस घरच्यांनी कसे काढले असतील, ते तुम्हीच मनात आणा.

दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या तुरुंगांत १९३ भारतीय मच्छिमार होते, आणि भारताच्या तुरुंगांत ८१ पाकिस्तानी मच्छिमार. म्हणजे अशीच वाट पाहणारी आई सिंधच्या किनाऱ्यावरही आहे.

सुटकेला वर्षे का लागतात

आता नीट लक्ष द्या. या साऱ्या मजकुराचे मर्म इथेच आहे. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांत एक करार झाला. पकडलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या आत त्याच्या देशाच्या वकिलातीचा अधिकारी भेटला पाहिजे, आणि शिक्षा पुरी होऊन नागरिकत्व पक्के ठरले की महिन्याभरात त्याला परत पाठवले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. कागदावर हे सोपे दिसते. पुष्कळदा गाडी अडते ती 'नागरिकत्व पक्के ठरले की' या शब्दांवर.

कराचीत खलाशी आपले नाव, बापाचे नाव, गाव सांगतो. ते लिहिणारा आपल्या भाषेचा नसतो. ते नाव दिल्लीला, तिथून राज्याकडे, तिथून जिल्ह्याच्या पोलिसांकडे आणि शेवटी पाड्यावर चौकशीला येते. आता समजा, घरात हाक मारायचे नाव एक, आधारवर दुसरे, आणि बोटीच्या कागदावर तिसरेच. पाड्याचे नाव सांगितले, पण महसुली गावाचे सांगितलेच नाही. बोट निघताना आयत्या वेळी एकाच्या जागी दुसरा चढला, आणि कागदावर नाव राहिले पहिल्याचेच. अशा वेळी महिन्याच्या कामाला वर्ष लागले तर नवल नाही. दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ साली नेमली होती. ती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटे. पण २०१३ नंतर तिची भेट झालेली नाही. दोन सरकारांचे संबंध बिघडले की सुटकाही लांबते. ते आपल्या हातात नाही. नाव बरोबर असणे मात्र आपल्या हातात आहे.

नावाचे मोल काय असते, याचे एक उदाहरण दूरच्या समुद्रातले आहे. २५ डिसेंबर १९९६ च्या रात्री माल्टा आणि सिसिली या बेटांच्या मध्ये एक छोटी बोट बुडाली. तीत भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेतून कामाच्या आशेने युरोपला निघालेली माणसे कोंबलेली होती. दलालांना पैसे देऊन ती चोरवाटेने निघाली होती. मोठ्या जहाजातून खवळलेल्या पाण्यात त्यांना त्या बोटीत उतरवले होते. सुमारे पावणेतीनशे माणसे गेली. जे वाचले त्यांनी सांगितले, तरी पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही, कारण त्यांची नोंद कुठेच नव्हती. पुढे एका इटालियन मच्छिमाराच्या जाळ्यात श्रीलंकेच्या एका तमिळ तरुणाचे ओळखपत्र आले. त्यावरून शोध लागला आणि २००१ साली समुद्राच्या तळाशी ती बोट सापडली. इतक्या माणसांच्या मरणाला साक्ष दिली ती एका छोट्याशा कार्डाने.

निघण्यापूर्वी काय कराल

तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. मुलगा उचल घेऊन निघायच्या आधी, घरच्या बाईमाणसांनीही पुढे होऊन एवढे कराच.

पहिले, त्याच्या आधार कार्डाची, मतदार ओळखपत्राची आणि शिधापत्रिकेची एकेक झेरॉक्स आणि अलीकडचा फोटो घरच्या पेटीत ठेवा. सर्व कागदांवर नाव एकसारखे नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. पाडा, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा हा पत्ता त्याच्याकडून तोंडपाठ करून घ्या.

दुसरे, वहीच्या एका पानावर बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, बंदर, शेठ, तांडेल आणि मुकादम यांची नावे व फोन क्रमांक लिहून घ्या. गुजरातच्या बोटीच्या क्रमांकात 'जीजे' ही अक्षरे असतात. बोट बंदरातून निघताना मत्स्यव्यवसाय खात्याचे टोकन घेते. त्यातल्या खलाशांत आपले नाव लिहिले आहे का, हे त्याने स्वतः पाहावे. बोट बदलली तर त्याच दिवशी घरी फोन करावा.

तिसरे, मच्छिमारांसाठी अपघात विमा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपयांची तरतूद आहे. आपले नाव त्यात घातले आहे का, हे शेठला विचारायला लाजू नये.

चौथे, बोटीवर माणशी एक जीवरक्षक जॅकेट, बिनतारी यंत्र आणि संकटाची खूण देणारे यंत्र आहे का, हे पाहूनच पाय ठेवावा. जॅकेट खणात ठेवण्यासाठी नसते, अंगात घालण्यासाठी असते. तटरक्षक दलाचा संकटकाळचा क्रमांक १५५४ प्रत्येकाला पाठ असावा.

पाचवे, अठरा वर्षांच्या आतल्या पोराला पाठवू नका. मुकादम कितीही गोड बोलला तरी नाही.

आणि बोट पकडल्याची बातमी आलीच, तर शेठ काय करतो याची वाट पाहत बसू नका. वहीचे ते पान आणि झेरॉक्स घेऊन पोलीस ठाणे, तहसीलदार आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय गाठा, अर्ज द्या आणि पोच घ्या. गुजरात सरकार तुरुंगातल्या मच्छिमारांच्या कुटुंबांना रोजाच्या हिशेबाने मदत देते. आपला माणूस तिकडच्या बोटीवर होता याचा पुरावा हाती असेल, तरच अशा कुठल्याही मदतीसाठी नेट धरता येतो. ग्रामपंचायतीनेही गावातून बोटीवर गेलेल्यांची एक नोंदवही ठेवली, तर मोठे काम होईल. खर्च एका वहीचा.

धीर मात्र सोडू नका. माणसे परत येतात. मे २०२३ मध्ये एका वेळी १९८ मच्छिमार कराचीहून सुटून वाघा-अटारीच्या वाटेने मायदेशी आले, आणि पुढच्याच महिन्यात आणखी दोनशे. आपल्या माणसाचे नाव अशा यादीत लवकर यावे असे वाटत असेल, तर ते आज, तो घरी असतानाच, त्याला समोर बसवून वहीत लिहा.