एक तालुका, दोन समुद्र: चंदगडच्या पाण्याकाठी पायी पायी

चंदगडला जायचं म्हटलं की लोक पारगडाच्या पायऱ्या चढतात, नाहीतर तिलारीच्या स्वप्नवेल पॉइंटवर उभं राहून फोटो काढतात आणि माघारी वळतात. दोन्ही जागा बघण्यासारख्याच आहेत. पण या तालुक्याची खरी श्रीमंती पाण्याकाठी आहे. तिथं जायला दम लागत नाही, गुडघे बोलत नाहीत, आणि पाच वर्षांचं पोर नि सत्तरीची आजी एकाच चालीनं चालू शकतात. सह्याद्रीचा माथा इथं पूर्वेकडं हळूहळू उतरत जातो. त्यामुळं जांबरे, जंगमहट्टी, फाटकवाडीच्या जलाशयांच्या आसपासची शिवारं काय, किंवा ताम्रपर्णी आणि घटप्रभेच्या काठच्या पाणंदी काय, बऱ्याचशा सपाटच. पाट्या, रेलिंग, तिकीटखिडकी असलं काही शोधू नका. ज्या वाटेनं म्हशी पाण्यावर जातात, तीच आपली वाट.

पावसाच्या थेंबाची पळापळ

या तालुक्यात पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतो. ताम्रपर्णीचं पाणी पुढं घटप्रभेत जातं. घटप्रभा हिडकलच्या धरणात थांबून गोकाकला सुमारे ५२ मीटरवरून खाली झेपावते, मग कृष्णेला मिळते, आणि कृष्णा थेट आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला.

तिलारीनगरचं पाणी मात्र पश्चिमेचं. ते कोल्हापूर जिल्ह्यात साठतं, बोगद्यातून आणि मोठाल्या नळांतून घाटाखाली उतरतं, सिंधुदुर्गात वीज करतं, पुन्हा दोडामार्गातल्या खालच्या धरणात साठतं आणि तिथून कालव्यानं गोव्यात जातं. तिथल्या बार्देश तालुक्यातल्या नळांना हेच पाणी येतं. नदी म्हणून तिलारी गोव्यात शिरली की तिला शापोरा म्हणतात. तिच्या मुखावर जो किल्ला आहे तो २००१ सालच्या ‘दिल चाहता है’ सिनेमात सगळ्या देशानं पाहिलाय. तिथं बसलेल्या त्या सिनेमातल्या तीन दोस्तांच्या समोरच्या अरबी समुद्रात चंदगडचंही पाणी होतं!

तालुक्याच्या तिसऱ्या टोकाला, तुडयेच्या शिवाराला खेटून, राकसकोपचा जलाशय आहे. तो बेळगाव शहराची तहान भागवतो. म्हणजे महाराष्ट्राचा हा एक कोपरा कर्नाटक आणि गोवा, दोघांच्याही पाण्याशी बांधलेला आहे. सीमेचे वाद माणसांचे, पाण्याला त्यांचं काही नाही.

बरगे घातले का?

नदीकाठच्या गावात पावसाळा सरता सरता हा प्रश्न हमखास कानावर येतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे केटी बंधारा, जवळून बघायला हवा. नदीत ओळीनं दगडी खांब असतात आणि खांबांना उभ्या खाचा. पाऊस ओसरला की या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक सरकवतात. जुन्या बंधाऱ्यांत फळ्यांच्या दोन रांगा करून मधल्या फटीत माती ठासतात, की झालं पाणी अडलं. जून जवळ आला की सगळे बरगे काढून रचून ठेवतात आणि नदीला वाट मोकळी करतात. नदीशी झुंजायचं नाही, तिच्या हंगामात बाजूला व्हायचं, हा यातला शहाणपणा मला फार आवडतो.

वरून चालत गेलं की हाच बंधारा पूल होतो. आणि हिवाळ्यात त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दुनिया दिसतात. वरच्या अंगाला पाणी तुडुंब आणि संथ. तिथं बुडी मारून आलेला पाणकावळा खांबावर पंख पसरून वाळत बसतो. खालच्या अंगाला उघडे खडक आणि पाण्याच्या बारीक धारा. तिथं खंड्या, वंचक आणि शेपटी हलवत पळणारा धोबी. दहा पावलांत एवढा पालट सहसा कुठं मिळत नाही. पावसाळ्यात मात्र बंधाऱ्यावरून पाणी जायला लागलं की त्यावर पाऊल टाकायचं नाही. घोटाभर दिसलं तरी नाही.

याच ताम्रपर्णीच्या काठी कोवाड आहे, कादंबरीकार रणजित देसाईंचं गाव. ‘स्वामी’कारांचा जन्म १९२८ साली इथलाच. २०१९ च्या महापुरात ताम्रपर्णी कोवाडच्या बाजारपेठेत शिरली होती. एरवी इतकी शांत असते की त्यावर विश्वास बसू नये.

टिटवीची ओली पिसं

जलाशयाचं पाणी जानेवारीपासून उतरायला लागतं आणि काठावर ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. अशा जमिनीवर कुणी एखादं पीक घेतलं तर ती गाळपेर. चालायला हाच पट्टा उत्तम, फक्त पाण्याच्या अगदी कडेनं जाऊ नका. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो.

इथली राणी टिटवी. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा एक उथळ खळगा आणि भोवती चार खडे. अंडी खड्यांसारखीच ठिपकेदार, त्यामुळं पायाशी असली तरी दिसत नाहीत. उन्हाळ्यात ती तापू नयेत म्हणून टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसते. नर-मादी दोघंही हे करतात. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जोराचा, असा शेतकऱ्यांचा जुना अंदाज. तुम्ही चालताना तिचा ओरडा वाढत चालला तर समजा, घरटं जवळ आहे. तिथंच थांबा आणि आल्या पावली मागं या.

म्हशींबरोबर फिरणारा गायबगळा विणीच्या दिवसांत डोक्यावर, मानेवर नारिंगी होतो. मूळचा जुन्या जगातला याचा पश्चिमेकडचा भाऊबंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या पंखांवर अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला. कुणी नेला नाही, आपला आपण गेला.

भातखाचरसुद्धा पाणथळच

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी जगातल्या पाणथळ जागांसाठी करार झाला. त्यात भातशेतीलाही पाणथळ मानलंय. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, हेही नदीवर बांध घातल्यामुळंच तयार झालेलं. माणसानं केलेल्या पाण्याला कमी लेखायचं कारण नाही.

चंदगडच्या खाचरात बांधावर उकिडवं बसून बघा. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं आधी पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या असतात; गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मात्र अंड्यातून थेट इवले खेकडे होऊनच बाहेर येतात, आणि काही काळ आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतात. पावसाळ्यात मादी सापडली आणि पोट भरलेलं दिसलं, तर तिला सोडून द्या. रश्शाला दुसरे मिळतील.

सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, ओल्या जागी पावसात सीतेची आसवं फुलतात. फुलं जांभळी, नाजूक. पण मातीखाली बारीक फुगे असतात. सूक्ष्म जीव स्पर्शला की फुगा डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याला आत ओढून घेतो.

आणि पाण्यात साप दिसला तर? बहुतेक वेळा ती दिवड असते, बिनविषारी. चंदगडकराला हे सांगावं लागत नाही. ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयाची सर्पशाळा प्रसिद्ध आहे. बाबूराव टक्केकर सरांनी तिथं मुलांना साप ओळखायला शिकवलं, मारायला नव्हे. नागपंचमीला ती बघायला लांबून लोक यायचे.

निघण्याआधी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी धुकं विरायच्या सुमारास, ही सगळ्यात चांगली वेळ. कोल्हापूरपेक्षा बेळगावहून जवळ पडतं. धरणाच्या भिंतीवर जाण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा. नाही म्हणाला तर वाद घालू नका. पिकातून आडवं जायचं नाही, बांधावरूनच.

पश्चिमेकडं, जांबरे-तिलारीच्या बाजूला, आणखी एक काळजी घ्यायची. २००२ पासून कर्नाटकातून रानहत्ती या भागात येतात. २०२० मध्ये सुमारे २२५ चौरस किलोमीटरच्या चंदगड संवर्धन राखीव क्षेत्राला मंजुरी मिळाली, ती याच जंगलांसाठी. हत्तींनाही पाण्याकाठची सपाट वाटच आवडते, आणि त्यांचा हक्क आपल्याआधीचा. म्हणून गावात आधी चौकशी करा, सूर्य मावळायच्या आत परता, आणि वाटेत ताजी लीद दिसली तर पुढं काय आहे ते बघायला न जाता तिथूनच मागं फिरा.